नाव खोडायचं की नाणं उडवायचं?
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाला सभासदांच्या मधुमेहाची पाहणी करायची होती, पण कोणाला तो आहे हे उघड न करता. काका म्हणाले, "नावं खोडा, झालं!" पण जन्मतारीख राहिलीच की. खासगी माहितीच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडलं होतं: टपाल कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकन ओळखता येऊ शकतात.

दुसरी रीत संशोधक स्टॅनली वॉर्नर यांच्या १९६५च्या कल्पनेवरून आलेली. प्रश्न: 'मधुमेह आहे का?' गुपचूप नाणं उडवा. छापा आला तर खरं सांगा. काटा आला तर पुन्हा उडवा, छाप्याला 'हो', काट्याला 'नाही'. शंभरात ४० 'हो' आले, तर साधारण २५ नुसत्या नाण्याचे (पन्नासांना काटा, त्यातल्या निम्म्यांना पुन्हा छापा). उरले १५, तेही खरं बोललेल्या पन्नासांतले. म्हणजे अंदाजे ३० टक्के. कोणाचा 'हो' खरा, ते शेजारच्या काकूंनाही कळणार नाही!

माणसं थोडी असली की हा अंदाज डगमगतो. तरी मी नाणंच काढेन.