लिनो की लाकूड?

रेखाटनांची वही भरल्यावर छापचित्राकडे वळू पाहणाऱ्या मैत्रिणीला पहिला ठसा कशावर कोरावा, हे ठरत नव्हते. श्रमांच्या बाबतीत लिनो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा, उजवा आहे. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून बनलेल्या या पदार्थाला लाकडासारखे तंतू नसल्यामुळे हत्यार हवे तसे वळते, आणि तो कडक वाटलाच तर थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो. लाकडात तंतूंना आडवे कोरताना कपची उडते. मी कोरत असलेल्या बैलाचे एक शिंग असेच गेले. शाई व रोलरचा खर्च दोन्हीकडे सारखाच, आणि ठशावर कागद दाबायला प्रेसऐवजी चमच्याची पाठ चालते. टिकाऊपणात मात्र लाकूड सरस, कारण जुना लिनो ठिसूळ होतो. वळणदार रेषा हवी असणाऱ्या नवशिक्याने लिनो घ्यावा. लाकडाचा पोतच छापात उतरावा असे वाटणाऱ्याने सबुरीने लाकूड कोरावे.