सोनेरी ट्रिगर आणि ‘मी पण देवगडचोच’

आमच्या घराला बंदूक नवी नाही. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची होती. आंब्याच्या कलमांवर वानर उतरले की बार काढायचा आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, एवढाच तिचा संसार. तिचा घोडा, म्हणजे वरून आदळणारा हातोडा, आणि चाप, म्हणजे बोटानं ओढायचा ट्रिगर, मी लहानपणी तेल लावून पुसलेला. त्यामुळे बंदुकीतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. मी १३,५०० रुपयांना बुडालो तो याच समजापायी.

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेला कांस्यपदक मिळालं आणि आमच्याकडच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. माझी लेक तेव्हा नववीत. शाळेच्या ओपन साइट, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणेच्या, प्रकारासाठी मी तिला देशी बनावटीची एअर रायफल घेऊन दिली, ९,५०० रुपयांची. नळी बिजागरीवर मोडून स्प्रिंग ताणायची, ४.५ मिलिमीटरचा छर्रा घालायचा, नळी मिटायची. अशा छऱ्याच्या रायफलीचा जोर २० जूलच्या आत असला की शस्त्रपरवाना लागत नाही, हे दुकानदारानं बिलासोबतच सांगितलं होतं.

रायफल चांगली होती, पण चाप जड. लेकीचं बोट थरथरायचं आणि शेवटच्या क्षणी नळी उजवीकडे सरकायची. प्रशिक्षक म्हणाले, सहा महिने सराव कर, बोट तयार होईल. हे मला पटलं नाही. बापाला पैसे टाकून सुटणारा प्रश्न नेहमी जास्त आवडतो.

रात्री मोबाईलवर बघत बसायचो. तिकडे अमेरिकेत सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, स्पोर्टिंग रायफलींना नवे ट्रिगर बसवतात. रुगर १०/२२ नावाची पॉइंट टू-टूची रायफल १९६४पासून निघते. तिच्या दोन पिना काढल्या की सगळा ट्रिगर डब्यासारखा खाली येतो आणि नवा डबा वर सरकवला की काम झालं. साडेपाच पाउंडांचा चाप अडीच-तीन पाउंडांवर येतो. लोक कॅमेऱ्यासमोर काटा लावून दाखवतात. बघून हात शिवशिवायला लागले. मग एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, आपल्या एअर रायफलला असं काही मिळतं का?

दहा मिनिटांत फोन. मुंबईचा नंबर, पण आवाज गावचा.

“चेडवाक नेमबाजी शिकवतास? बरा करतास हां. मी पण देवगडचोच.”

झालं. पुढची पंधरा मिनिटं आम्ही ट्रिगरबद्दल बोललोच नाही. यंदा मोहोर किती, थ्रिप्सची कीड किती, पेटीला दर काय, विजयदुर्गाचा रस्ता झाला का. गाव कुठलं विचारल्यावर त्यानं इतक्या सफाईनं विषय वळवला की ते मला फोन ठेवल्यावरही लक्षात आलं नाही. मग त्यानं फोटो पाठवला. काळा डबा, खाली चकचकीत सोनेरी चाप. “जर्मन मॅच ट्रिगर. दोन टप्प्यांचो. आयएसएसएफची मान्यता आसा. आपल्या माणसाक कसो फसवतलंय?” आयएसएसएफ म्हणजे नेमबाजीचा जागतिक महासंघ.

त्या फोटोत डब्याच्या वरच्या बाजूनं घोडा बाहेर आलेला स्पष्ट दिसत होता. ज्याच्या आजोबांच्या बंदुकीला घोडा होता, त्याला तो दिसू नये! माझ्या लेकीच्या रायफलीत घोडाच नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप ओढला की लहानसा घोडा सुटतो, तो पिनेवर आदळतो, पिन काडतुसावर. म्हणजे चापाला धरून ठेवायचा असतो तो फक्त त्या घोड्याचा जोर. म्हणून तो हलका करता येतो, आणि सगळा संच एका डब्यात मावतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत चापाच्या आतला खटका, त्याला सियर म्हणतात, आख्खा पिस्टन धरून बसतो. त्यामागे ती जाड मेनस्प्रिंग ताणलेली. तिकडचा डबा इकडे बसणं म्हणजे बैलगाडीला स्कूटरचा ब्रेक. हे सगळं आज सांगतोय. तेव्हा मी सोनेरी रंगावर भाळलो होतो.

६,००० आगाऊ. आठ दिवसांनी ‘कस्टमची ड्युटी’ म्हणून ४,५००. मग म्हणाला, हे घरी बसवायचं काम नाही, रायफल पाठवा, बसवणावळ ३,०००. हे तिन्ही आकडे मी एकदाही एकत्र मांडले नाहीत. मांडले असते तर रायफलीपेक्षा ट्रिगर महाग पडतोय हे लेकीच्या गणिताच्या वहीतसुद्धा दिसलं असतं. बिल मागितलं तर “घरच्या माणसाक बिल कसला?” म्हणाला. रायफल गोणपाटात गुंडाळून रात्रीच्या लक्झरीनं पाठवली. आमच्याकडे आंबे, सुके बोंबील, औषधं, सगळं त्याच गाडीनं जातं, ड्रायव्हरलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दहा दिवसांनी रायफल परत आली. सोनेरी चाप! आणि हलका म्हणजे किती, बोट टेकलं की सुटला. लेक नाचली. मी त्या माणसाला आभाराचा मेसेज पाठवला, वर हापूसची दोन डझनाची पेटीही. त्या पेटीचं दुःख अजून जात नाही.

पहिली शंका लेकीलाच आली. “बाबा, कधी लगेच सुटतो, कधी ओढत राहावं लागतं.” मी म्हटलं, दोन टप्प्यांचा आहे, सवय होईल. दोन टप्प्यांचा चाप खरोखर कसा असतो ते मला माहीत असतं तर असं बोललो नसतो. त्यात पहिला टप्पा हलका, बोट मागे येतं आणि एका भिंतीशी अडतं. ती भिंत दर वेळी त्याच जागी लागते. मग थोडा दाब, आणि बार सुटतो. आमच्या चापाला भिंतच नव्हती. नुसता उतार.

मे महिन्याच्या शेवटी, हवा खारट-चिकट झालेली, लेक मागच्या पडवीत सराव करत होती. मी नळी मोडून धरलेली, ती छर्रा घालत होती. तिनं चापाला हातही लावला नव्हता. खटका आपोआप सुटला आणि नळी सुरीसारखी मिटली. छर्रा घालून तिचं बोट नुकतंच बाहेर आलं होतं. माझा अंगठा आला नव्हता. नख महिनाभर काळं होतं, नंतर गळून पडलं. लाकडी दस्त्याला मुठीच्या जागी चीर गेली. अर्धा सेकंद आधी सुटता तर काय झालं असतं, ते मी अजून तिच्या आईला नीट सांगितलेलं नाही.

मग शेजारच्या मासळीवालीचा हुकाचा डिजिटल काटा आणला. प्रशिक्षकांनी सांगितलं तसं, रायफल वाळूच्या पोत्यावर बांधली, छर्रा भरून तोंड छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे, आणि काट्याचा हुक चापाला लावून सावकाश ओढलं. पाच वेळा. ६४० ग्रॅम, १,१५०, ४१०, ९००, ३००. मी आकड्यांकडे बघत राहिलो. त्याआधी कधी काटा लावलाच नव्हता, ना जुन्या चापाला, ना नव्या चापाला पैसे देताना. प्रशिक्षक म्हणाले, “दोन किलोचा चाप चालेल, पण पाचही वेळा दोन किलोच पाहिजे. हे असलं नको.” आणि मान्यतेचं काय, असं विचारल्यावर हसले. दहा मीटर एअर रायफलमध्ये चापाच्या वजनाला किमान मर्यादाच नाही. ५०० ग्रॅमची अट आहे ती एअर पिस्तूलला. मग ‘मान्यता’ कशाची विकली होती?

कोल्हापूरला एका जाणकारांकडे रायफल उघडली. आत कंपनीचाच जुना ट्रिगर. त्याचा सियर कानशीनं घासून त्याची पकड नखाएवढी ठेवलेली. परतीची स्प्रिंग काढून तिथे बॉलपेनमधली स्प्रिंग. नळी मोडलेली असताना खटका सुटू नये म्हणून जो अडसर असतो तो उपटून टाकलेला, चाप हलका लागावा म्हणून. आणि सोनेरी? स्प्रेचा रंग. पावसाची पहिली सर येईपर्यंत खाऱ्या हवेनं तो कडेनं सोलवटला होता, खाली गंज. नळीही किंचित वर वाकली होती, म्हणून छर्रे वर जात होते. आम्ही उगाच साइट खाली करत बसलो होतो.

फोन केला. आता मालवणी गायब, शुद्ध पुस्तकी मराठी. “तुम्ही परवान्याशिवाय विदेशी शस्त्राचा सुटा भाग मागवलात. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही येतात. जा पोलिसांत, आधी तुम्हीच आत जाल.” मी घाबरलो. अगदी खरं सांगतो, तीन आठवडे गप्प बसलो, बायकोलाही बोललो नाही.

त्याच्या धमकीत अर्धं खरं होतं, म्हणूनच ती लागू पडली. बंदुकीचे सुटे भाग कायद्यात येतात हे खरं, आणि त्या फोटोतला डबा खरोखर कुणी माझ्या दारात टाकला असता तर मी अडचणीत आलो असतो. पण माझ्याकडे काय आलं होतं? बॉलपेनची स्प्रिंग आणि रंगाचा डबा. वकिली करणारा आतेभाऊ एवढंच ऐकून म्हणाला, “अरे गाढवा, गुन्हा तुझा नाही, त्याचा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. चल.” १९३० नंबरवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर यूपीआयच्या पावत्या, फोटो, मेसेज, सगळं चढवलं. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? लगेच कळवलं असतं तर खात्यातली रक्कम गोठवायला बघता आलं असतं. आता खातं रिकामं होतं. तीन आठवडे मी ज्या भीतीत काढले, तेवढाच वेळ त्याला हवा होता.

रायफल कंपनीकडे पाठवली. सियर, अडसर, स्प्रिंग, नळी बदलून आली, चाप पहिल्यासारखा जड. काटा लावला. पाचही वेळा दोन किलोच्या आसपास. लेक रोज शंभर वेळा रिकामा दांडा हातात धरून बोट ओढायचा सराव करते. सहा महिने व्हायला अजून दोन बाकी आहेत, पण नळी आता उजवीकडे जात नाही.

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या मेहुण्याचा फोन आला. त्याला गळाची मासेमारी आवडते. कुणीतरी त्याला ‘जपानी रीळ’ देतोय, निम्म्या किमतीत, कस्टममधून सुटलेलं. फोटो छान आहे म्हणाला, सोनेरी आहे. मी विचारलं, माणूस कुठला?

“बोलण्यावरून आपलोच वाटता. वेंगुर्ल्याचोच आसा म्हणालो.”