फिजिक्सच्या मुलीला मदत करायचीय: फी, खोली की उन्हाळी प्रोजेक्ट?

जून उजाडला की माजी विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, बीएस्सी फिजिक्सच्या एखाद्या मुलीला मदत करायची आहे. पैसे कशासाठी देऊ?" तालुक्याच्या कॉलेजात शिकवताना जे पाहिलं त्यावरून सांगते.

सगळ्यांना आधी फी आठवते. पण अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी इंजिनिअरिंगच्या मानाने फारच कमी असते. बारावीला बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आलेल्या मुलीला केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळू शकते: वर्षाला 80,000 रुपये, त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी प्रोजेक्टसाठी. अडचण होते ती 70-75 टक्केवालीची. इन्स्पायर तिच्या आवाक्याबाहेर, आणि 2024 पासूनची मुलींची शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना, साध्या बीएस्सीला नाही. अशा मुलीची फी जरूर भरा, घरचा ताण हलका होतो. तरी निव्वळ फीपायी फिजिक्स सुटलेली मुलगी मला क्वचितच भेटली.

वेळेपायी मागे पडलेल्या मात्र पुष्कळ. प्रॅक्टिकल दोन ते पाच. न्यूटन्स रिंग्जचा, म्हणजे प्रकाशाची गोल कडी मोजण्याचा प्रयोग घ्या. सोडियमचा दिवा नीट पिवळा व्हायलाच काही मिनिटं जातात. मग ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप (मोजपट्टीवर सरकणारा सूक्ष्मदर्शक) एकाच दिशेने सरकवत एकेका कड्याचं रीडिंग घ्यायचं. मध्येच मागे फिरवलात तर स्क्रूच्या ढिलेपणामुळे रीडिंग चुकतं, म्हणजे बॅकलॅश एरर येते. माझी एक विद्यार्थिनी नवव्या कड्यापर्यंत पोहोचायची आणि घड्याळ बघायची, कारण गावची गाडी साडेचारला. पुढचे आकडे बॅचमधल्या मुलाच्या वहीतून उतरवून घ्यायची. तो मोटारसायकलने यायचा, त्याला घाई नसायची. वर्षअखेर जर्नल दोघांचंही पूर्ण, पण मायक्रोस्कोपवर हात एकाचाच बसलेला.

एसटीचा पास काढून देऊन हे सुटत नाही. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहेच. तिला हवेत संध्याकाळचे दोन तास, आणि ते मिळतात कॉलेजजवळ राहिल्यावर. म्हणून पासापेक्षा खोलीभाडं आणि मेस. हा खर्च वर्षभराचा असतो, एकट्याला जड जातो. चार-पाच जणांनी मिळून उचलावा. शिवाय घरच्यांचा होकार लागतो, आणि तो पैशाने मिळत नाही. खोली कुठे आहे, सोबत कोण आहे, रात्री दार कोण लावतं, हे तिच्या आईला प्रत्यक्ष दाखवावं लागतं. तुमच्यातल्या एखाद्या ताईने आईबरोबर जाऊन खोली पाहिली, तर निम्मं काम तिथेच होतं.

उन्हाळी प्रोजेक्टचा, म्हणजे सुट्टीत संशोधन संस्थेत राहून करायच्या कामाचा, खर्च यापेक्षा पुष्कळ कमी, आणि माझं मत त्याच्याच बाजूने आहे. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'एनआययूएस' उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. देशातल्या विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचेही सुट्टीतले कार्यक्रम आहेत. निवड झाली की विद्यावेतन मिळतं, पण ते नंतर. तिकीट आणि पहिल्या महिन्याची सोय आधी करावी लागते. पहिल्या खेपेला वडील सोडायला जातात, म्हणजे तिकिटं दोन. एवढ्यावरूनच घरी "पुढच्या वर्षी बघू" होतं, आणि तिसऱ्या वर्षानंतर पुढचं वर्ष नसतं.

तिथून आलेली मुलगी वेगळं बोलते. पीएचडी करणाऱ्या मुली तिने पाहिलेल्या असतात, त्यांच्याबरोबर जेवलेली असते. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते, त्या परीक्षेचं शुल्कही मुलींना निम्मं असतं, हे तिच्या तोंडून घरी ऐकलं जातं. डॉ. रोहिणी गोडबोले पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून बीएस्सी करून आयआयटी मुंबईत एमएस्सीला गेल्या आणि पुढे कणभौतिकीत जगभर नावाजल्या. ही वाट मी पालकांना दरवर्षी सांगते. पण माझ्या सांगण्यापेक्षा लेकीने स्वतः पाहून आल्याचं वजन जास्त.

सत्काराचा विचार असेल तर ते पैसे याकडे वळवा. शाल-श्रीफळाने मुलगी एक दिवस खूश होते.

तर असं करा. एकट्याने मदत करणार असाल तर एका मुलीचा उन्हाळा उचला. गट असेल तर खोली. फी सगळ्यांत शेवटी, खरंच अडलेलं असेल तिथे. आणि मला फोन जूनऐवजी ऑक्टोबरच्या सुरुवातीला करा. अकादम्यांच्या फेलोशिपचे अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचे असतात आणि त्यासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. पैशांची सोय आहे हे तेव्हा माहीत असलं, तर एरवी अर्जच न भरणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर थांबवून फॉर्म भरायला बसवू शकते.