बेलर की बॅग? टीसीईच्या बोअरमधून नमुना घेताना

धातूच्या भागांवरचं ग्रीस धुणाऱ्या जुन्या डिग्रीझिंग शेडखाली टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, त्या धुण्याचं विषारी द्रावक) मुरलंय अशी शंका आली, की पहिला वाद नमुना कशानं काढायचा यावरच होतो. नागपूरच्या पश्चिमेकडच्या काळ्या दगडात मी आधी बेलर, म्हणजे दोरीनं बोअरमध्ये सोडून पाणी भरून वर आणायची नळी, वापरला. हल्ली डिफ्यूजन बॅग, म्हणजे पाणी भरलेली पॉलिथिनची पिशवी, सोडतो.

बेलरची बाजू आधी मांडतो. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड. भूजल कुठंही वाहो, हा गडी फटींचा उतार धरून उलट दिशेलाही जातो आणि एखाद्या बोअरच्या तळाशी जाऊन बसतो. तिथला तो निव्वळ, पाण्यात न विरघळलेला द्रव वर आणायला बेलरच लागतो. चिमूटभर सुदान-४ हा रंग टाकला की थेंब लालभडक दिसतात. बॅगेला हे जमत नाही. धातू, अ‍ॅसिटोन, १,४-डायॉक्झेनही तिच्या पॉलिथिनमधून नीट शिरत नाहीत. तुमच्या तपासायच्या यादीत हे असेल तर पुढे न वाचलं तरी चालेल.

पण बेलरआधी जुनं पाणी उपसायचं, तेही रिवाजानं बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट. सहा इंची बोअरमध्ये ३० मीटर पाणी असेल तर सोळाशे लिटरच्या वर, म्हणजे २०० लिटरची आठ पिपं भरूनही थोडं उरतं. त्यात बोअर अर्ध्यातच कोरडा पडतो, की या उद्या परत! पिपं आवारात पडून राहतात. एका मे महिन्यात वॉचमननं विचारलं, "साहेब, कूलरमध्ये टाकू का हे पाणी? तसंही पडूनच आहे." दिसायला नितळ पाणी होतं, आणि टीसीई हवेत उडायला टपलेलं. रात्रभर त्या कूलरसमोर तोच झोपला असता. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

बॅग म्हणजे शुद्ध पाणी भरलेली लांबट पिशवी, खाली वजन. निदान दोन आठवडे लटकू द्यायची, म्हणजे बाहेरच्या पाण्यातलं टीसीई पॉलिथिनमधून हळूहळू आत शिरतं. उपसा नाही, पिपं नाहीत. फटीत अडकलेले थेंब दशकानुदशकं विरघळत राहतात, त्यांच्यापुढे दोन आठवडे काय! बेलर बहुधा सगळ्या फटींचं मिसळलेलं पाणी देतो. मी एका बोअरमध्ये तीन खोलींवर तीन बॅगा सोडल्या. वरच्या दोन जवळपास कोऱ्या, तिसरीत लिटरला १४ मिलिग्रॅम. टीसीईची विद्राव्यता साधारण ११०० मिलिग्रॅम. तिच्या एक टक्क्यावर आकडा गेला की निव्वळ द्रव जवळपास असावा, असा ठोकताळा आहे.

बोअरच्या आतच पाणी एका फटीतून दुसरीकडे वाहत असेल, तर मात्र बॅगेची खोली फसवू शकते. तेवढं आधी तपासा. बेलर अजून जीपमध्ये आहे, वर्षातून एकदा तळ चाचपायला.