रॅनॉकवरचे घर : 'मास इफेक्ट : लेजेंडरी एडिशन' आणि युद्धानंतरचा संसार

बायोवेअर या कॅनडातील कंपनीने २००७, २०१० आणि २०१२ साली काढलेले अंतराळयुद्धाच्या कथेचे तीन व्हिडिओ गेम एकत्र करून, त्यांची चित्रे उजळून आणि बरीचशी डागडुजी करून, मे २०२१ मध्ये 'मास इफेक्ट : लेजेंडरी एडिशन' हा संच बाजारात आला. त्याची परीक्षणे तेव्हाच भरपूर झाली. पण ती बहुतेक बंदुकांची, ग्राफिक्सची आणि प्रकाशछायेची होती. जळगाव-भुसावळकडच्या आमच्या छोट्या कंपूत या खेळावर आजही जो वाद रंगतो, तो निराळाच आहे : युद्ध संपल्यावर कमांडर शेपर्ड आणि टाली यांचा संसार कसा झाला असेल? खेळ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते उत्तर खेळणाऱ्याने स्वतः रचावे यासाठी लागणारे सामान मात्र तो पुरवतो, आणि हे सामान कितपत चांगले आहे, हेच मला येथे तपासायचे आहे.

कथा थोडक्यात अशी. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन प्रगत संस्कृती मुळापासून पुसून टाकणाऱ्या रीपर नावाच्या यंत्रांशी शेपर्ड लढतो. शेपर्ड म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातले पात्र; ते पुरुष घ्यायचे की स्त्री, हे खेळणाऱ्याने आरंभी ठरवायचे. त्याच्या जहाजावर असलेली टाली ही क्वेरियन या परग्रहवासी वंशाची अभियंता आहे. तिच्या लोकांनी गेथ नावाची यंत्रे कामासाठी बनवली, ती विचार करू लागल्यावर घाबरून त्यांचा नाश करायला निघाले, आणि उलट आपलीच मायभूमी, रॅनॉक, गमावून बसले. त्या गोष्टीला तीनशे वर्षे झाली. तेव्हापासून सुमारे एक कोटी सत्तर लाख क्वेरियन पन्नास हजारांच्या आसपास जहाजांच्या ताफ्यात राहतात. जहाजांच्या निर्जंतुक हवेत त्यांची प्रतिकारशक्ती इतकी खालावली आहे, की जन्मभर बंद पोशाखात आणि मुखवट्याआड वावरावे लागते. शेपर्ड आणि टालीचे प्रेम दुसऱ्या खेळापासून जुळू शकते, तेही शेपर्ड पुरुष असेल तरच. स्त्री शेपर्ड घेऊन खेळणाऱ्यांना ही वाट बंद आहे, आणि इतक्या वर्षांनी नव्याने संच काढतानाही ती उघडली गेली नाही, हे मला खटकते. जेनिफर हेल यांच्या आवाजातली शेपर्ड ऐकल्यावर तर अधिकच खटकते.

या प्रेमकथेचा कणा आहे एक घर, आणि तीन खेळ सलग खेळल्याचा खरा लाभ हाच, की ते घर पायापासून कसे उभे राहते हे नजरेतून सुटत नाही. टालीचे वडील रेल'झोरा हे ताफ्यातील ॲडमिरल. मायभूमीवर तुला घर बांधून देईन, असा त्यांनी मुलीला दिलेला शब्द दुसऱ्या खेळात समोर येतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर. तो शब्द पाळण्याच्या हट्टापायीच गेथांवर नको ते प्रयोग करून त्यांनी स्वतःचा आणि सहकाऱ्यांचा जीव घालवलेला असतो. तिसऱ्या खेळात रॅनॉक प्रत्यक्ष पायाखाली येते, तेव्हा टाली कड्यावर उभी राहून, दिवाणखान्याची खिडकी इथे असेल, अशी जागाच ठरवून टाकते. पुढे लंडनच्या रणांगणात तिला माघारी पाठवताना शेपर्ड घर बांधण्याविषयी बोलतो, आणि माझे घर मला मिळालेलेच आहे, असे ती त्यालाच उद्देशून सांगते. हा प्रसंग मूळ खेळात नव्हता. शेवटावर चाहत्यांनी गदारोळ केल्यानंतर जून २०१२ मध्ये जी विस्तारित आवृत्ती निघाली, तिच्यात तो आला. या संचात तो आरंभापासूनच आहे.

एवढ्या सामानावर चाहते काय काय बांधतात, याचा सर्वांत चविष्ट भाग स्वयंपाकघराचा आहे. आमच्या एका मित्राकडे हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, बडगीत ठेचणे चालू होते, आणि आम्ही नेहमीप्रमाणे रॅनॉकवर पोहोचलो होतो. बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्याच्या आईने विचारले, "पण काय रे, ही तुमची टाली जेवते कधी, अन् काय?" काकूंचा प्रश्न वरवर भोळा वाटला, तरी त्याने आमची अर्धी कथानके कोसळली. खेळाच्या नियमाप्रमाणे माणसाच्या शरीरातील अमिनो आम्ले डावीकडची, तर क्वेरियन आणि टुरियन या आणखी एका परग्रहवासी वंशाची उजवीकडची, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखी असतात. माणसाचे अन्न टालीला पोषण देऊ शकत नाही आणि तिचे अन्न शेपर्डला. त्यातून तिला लागते ते निर्जंतुक केलेले, पोशाखातील नळीवाटे घेता येणारे. तिसऱ्या खेळात ती थोडी चढलेली असताना पेयात घातलेल्या साध्या स्ट्रॉला मोठ्या गांभीर्याने आपत्कालीन उपकरणाचे नाव देते, ते हसू याच अडचणीतून फुटलेले आहे. तेव्हा कळण्याची भाकरी आणि भरीत शेपर्ड खाईल, टाली फार तर वास घेईल, तोही मुखवट्याच्या गाळणीतून. आमच्याकडे एका घरात दोन चुली पेटल्या, की भाऊ वेगळे निघाले असे समजतात. रॅनॉकवरच्या त्या घरात दोन चुली पेटतील, त्या दोघांना एकत्र राहता यावे म्हणून. टाली गॅरस या टुरियन सहकाऱ्याच्या घरी गेली असती, तर एका चुलीत भागले असते, हे काकूंचे मत. खेळातही शेपर्डने दोघांपैकी कोणाशीही सूत जुळवले नाही, तर ती आणि गॅरस एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे काकूंना खोडून काढणे अवघड आहे.

मला वाटते, युद्धानंतरच्या या कल्पनांची प्रतवारी याच कसोटीवर लावावी. ज्या कथांत टाली दुसऱ्या दिवशी मुखवटा फेकून शेपर्डच्या ताटात जेवायला बसते, त्या गोड असतात पण पोकळ असतात, कारण या दोघांच्या प्रेमाचे सगळे वजन त्या अडथळ्यात आहे. दुसऱ्या खेळात केवळ जवळ येता यावे म्हणून ती प्रतिजैविके आणि प्रतिकारशक्तीची औषधे घेऊन शेपर्डकडे येते; हा प्रसंग ज्यांनी लक्षात ठेवला, त्यांच्या कथा चांगल्या उतरतात. आमच्या कंपूतील अमळनेरच्या एका मैत्रिणीने टालीची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लिहिली आहे. आखाजीला लेक माहेरी येते आणि झोका बांधते. पण टालीचे माहेर म्हणजे राया नावाचे जहाज, आणि जहाजावर झोका बांधायला झाड कुठले? मैत्रिणीच्या कथेत टाली मोडीत काढलेल्या जहाजाची लोखंडी तुळई कड्यावर रोवते आणि तिला झोका टांगते. आमरस अर्थातच शेपर्ड एकटाच संपवतो. रॅनॉकवर कीटकच नाहीत, परागीभवन तेथे प्राण्यांवर अवलंबून असते, आणि क्वेरियनांची प्रतिकारशक्ती मुळातच कमकुवत असण्याचे ते एक कारण, अशी माहिती खेळातील कोशात दिली आहे. तिने ती नेमकी वापरली आहे. डास नसलेल्या अंगणात रात्री बाज टाकून निजणारा शेपर्ड तापीकाठच्या वाचकाला हेवा वाटावा असाच आहे.

या कल्पनांना खेळ सर्वांत मोठा धक्का देतो तो शेजाऱ्यांच्या बाबतीत. आधीच्या खेळातील निर्णय जुळून आले असतील, तर रॅनॉकवर क्वेरियन आणि गेथ यांच्यात समेट घडवता येतो. तसे झाले की गेथ आपले प्रोग्रॅम क्वेरियनांच्या पोशाखांत उतरवतात, संसर्गाची नक्कल करून त्यांची शरीरे तयार करू लागतात, आणि मुखवट्याशिवाय जगण्याचा दिवस कितीतरी जवळ येतो. समेट न होता गेथांची बाजू घेतली, तर आपल्या लोकांचा संहार पाहून टाली स्वतःचा मुखवटा काढते आणि कड्यावरून देह सोडून देते. ज्या कड्यावर घर व्हायचे, तोच हा कडा. म्हणून प्रेमकथा जपणारा खेळाडू जिवाचे रान करून समेट घडवतो. आणि मग शेवट येतो. शेपर्ड जिवंत असल्याची पुसटशी खूण फक्त एका शेवटात मिळते : रीपरांचा नाश निवडला आणि युद्धाची तयारी पुरेशी असली, तर ढिगाऱ्यातील एक देह श्वास घेताना काही क्षण दिसतो. परंतु त्या निवडीत सगळीच विचारी यंत्रे नष्ट होतात, गेथसुद्धा. म्हणजे ज्या एकाच वाटेने शेपर्ड घरी परतू शकतो, त्याच वाटेवर टालीला मोकळा श्वास देणारे शेजारी मरून पडलेले असतात.

हा पेच लेखकांनी जाणून घातला की तो आपोआप पडला, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तो आहे आणि जबरदस्त आहे. खेळ मात्र त्याच्याकडे पाहतही नाही. जहाजावरील स्मृतिफलकापुढे टाली शेपर्डच्या नावाची पाटी हातात घेते, ती न लावताच थांबते, आणि जहाज उडते. शेपर्डच्या श्वासाची किंमत कोणी मोजली, याविषयी तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. आमच्यातील बहुतेक लिखाणही हा भाग हळूच ओलांडते. गेथांविषयीचे अपराधीपण घेऊन त्या दिवाणखान्याच्या खिडकीशी बसलेला शेपर्ड मला अजून कोणाच्या कथेत समाधानकारक भेटलेला नाही.

संचातील एक बदल या जोडप्याच्या चाहत्यांसाठी महत्त्वाचा आहे. शेपर्डच्या खोलीत टालीचा विना-मुखवटा फोटो येतो. मूळ खेळात तो बाजारात तयार मिळणाऱ्या एका छायाचित्रावर किरकोळ हात फिरवून बनवला होता, आणि वर्षानुवर्षे मनात चेहरा घडवत बसलेल्या लोकांची त्याने घोर निराशा केली होती. नव्या संचात त्याजागी वेगळे, क्वेरियन वाटावे असे चित्र घातले आहे. सुधारणा निश्चित आहे, तरी माझ्या मते तेथे फोटो नसताच तर उत्तम झाले असते. रॅनॉकवर ती मुखवटा काढते तेव्हा खेळ तिला पाठमोरीच ठेवतो, आणि तो संयम अधिक शोभतो.

बाकीच्या बाबी लवकर उरकतो. पहिल्या खेळातील नेमबाजी, माको गाडीचा तोल आणि कंटाळवाण्या लिफ्ट सुधारल्या आहेत. तिसऱ्या खेळाचा अनेकांनी मिळून खेळायचा भाग काढून टाकल्यामुळे युद्धाची तयारी आता एकट्यानेच पूर्ण करता येते, आणि आपल्याकडच्या इंटरनेटचा विचार करता हे बरेच झाले. संच सुमारे १२० जीबी जागा खातो, म्हणून डाउनलोड रात्री लावावे. आणि आमच्या मे महिन्यात गरम होणाऱ्या संगणकावर तो दुपारी चालवू नये. मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत. इंग्रजी संवाद भराभर येतात, तेव्हा उपशीर्षके सुरू ठेवलेली बरी.

शेवटी क्रमाविषयी. २०१३ मध्ये निघालेले 'सिटाडेल' हे पुरवणी प्रकरण या संचात आहे. त्यात शेपर्डला एक सदनिका मिळते, सगळे सोबती मेजवानीला येतात, आणि टाली सोफ्यावर बसून आपला आवडता प्रेमपट त्याच्यासोबत पाहते, त्यातले गाणेही गाते. कथेच्या कालक्रमात हे युद्धाच्या ऐन धामधुमीत घडते. पण तिसरा खेळ संपल्यावर तो तुम्हाला अखेरच्या चढाईपूर्वीच्या मुक्कामावर परत आणून सोडतो, आणि पुरवणी तेथूनही खेळता येते. ज्यांना या दोघांचे घर पाहायचे आहे, त्यांनी ती मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवावी. संगणकावर खेळणाऱ्यांना चाहत्यांनी बनवलेले, शेवट बदलून भेट घडवणारे मॉडही मिळतात. प्लेस्टेशनवर ती सोय नाही. पहिल्या खेपेला मात्र मी ते मॉड सुचवणार नाही, कारण त्यांत शेपर्ड आणि टालीची भेट होते, गेथांचे काय झाले हा प्रश्न तसाच राहतो, आणि त्या दोन चुलींपर्यंत तर कोणताच मॉड पोहोचत नाही.