अतिनील, दृश्य, अवरक्त: पट्टे शीटमध्ये आखावेत, पायथनमध्ये की आरमध्ये?

गोव्यात रायबंदरच्या फेरीतून चोडण बेटावर उतरून खारफुटीत स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारं यंत्र) लावला, की संध्याकाळी फाइलमध्ये दोनच रकाने दिसतात: तरंगलांबी आणि तिथला प्रकाश. गाईड मात्र विचारणार, 'यूव्हीबी (अतिनीलचा मधला भाग) किती? पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश) किती?' म्हणजे तरंगलांबीचे पट्टे आखायचे, प्रत्येकातल्या प्रकाशाची बेरीज करायची. हे काम कशात करावं, असं ताळगावच्या पठारावरची, म्हणजे गोवा विद्यापीठातली, मुलं विचारतात. माझं उत्तर थोडं उलटं आहे: आधी व्याख्या ठरवा. ती ठरली की सॉफ्टवेअर निवडणं सोपं जातं.

यूव्हीबीचंच घ्या. आयएसओ 21348 हे आंतरराष्ट्रीय मानक आणि सीआयई ही प्रकाशमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था, दोघंही 280 ते 315 नॅनोमीटर धरतात. वैद्यकीय लिखाणात 290 ते 320 भेटतं, तर वनस्पतिशास्त्राच्या जुन्या निबंधांत सर्रास 280 ते 320. पाच नॅनोमीटरने काय बिघडतं? बरंच. ओझोनमुळे उन्हाचा आलेख नेमका तिथेच उभा चढतो, त्यामुळे 315 ऐवजी 320 ला थांबलात तर यूव्हीबीची बेरीज निम्म्याहून अधिक फुगू शकते. गोव्यात सूर्य मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास डोक्यावर येतो. ऑगस्टला ढग असतात म्हणून मे महिन्यातली दुपार मोजायची, आणि ती भलत्या हद्दीने मोजली तर दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघता येत नाही.

खरी भांडणाची जागा 700 ते 760 ची. आयएसओच्या हिशेबात दृश्य प्रकाश 380 ते 760 आणि त्यातला तांबडा 610 ते 760. काही विभागण्यांत मात्र 700 पासूनच अवरक्त धरतात. आणि झाडातलं फायटोक्रोम (प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य) विचाराल तर 730 चा प्रकाश म्हणजे फार-रेड, तांबड्याच्या विरुद्ध बाजूचा! खारफुटीखालची सावली तपासताना रेड आणि फार-रेडचं गुणोत्तर हवं असतं. त्यासाठी स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीने 655 ते 665 आणि 725 ते 735 हे अरुंद पट्टे घेतात. इथे आयएसओचा 'तांबडा' घातलात तर फार-रेड अंशात शिरतो, छेदातही राहतो, आणि पानांनी तांबडा शोषून घेतल्याची खूणच बोथट होते.

आता हत्यारं. यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर मोजमापापुरतं ठीक. त्यातल्या 'यूव्हीबी'च्या बटणामागे कोणती हद्द आहे ते मॅन्युअलमध्ये सापडलं तरच तो आकडा वापरा.

स्प्रेडशीट सगळ्यांना येते, ही तिची मोठी बाजू. एका प्रॅक्टिकलपुरता पार (400 ते 700) काढायला पुरे. पण यंत्राचा पिक्सेल (म्हणजे फाइलमधली एक ओळ) तुमच्या हद्दीवर पडत नाही: समजा एक 314.8 ला, पुढचा 315.2 ला. मधली किंमत काढून 315 ला ओळ घालावी लागते, प्रत्येक फाइलमध्ये, प्रत्येक हद्दीला. शिवाय पार ऊर्जेत नव्हे, फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) संख्येत सांगतात. एका ज्यूलमध्ये 400 नॅनोमीटरला 3.34 मायक्रोमोल आणि 550 ला 4.6, म्हणजे आधी ओळीओळीला गुणायचं, मग बेरीज. क्रम उलटला तरी शीट तक्रार करत नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा दोनापावलाच्या समुद्रशास्त्र संस्थेतल्या लोकांकडे बघून मोह पाडते. उपग्रहाचा डेटा आधीच तिच्यात असेल तर तिथेच राहा. मात्र नम्पाय (पायथनची गणिताची लायब्ररी) बेरीज करून देतं, यूव्हीबी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. हद्दी तुम्हीच लिहायच्या. त्या एकाच फाइलमध्ये ठेवा, दहा स्क्रिप्टांत विखरू नका. आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये बेरजेसाठी 'ट्रॅपझ' हे फंक्शन असेल तर 'ट्रॅपेझॉइड' करा, नम्पायच्या 2.0 आवृत्तीपासून तोच रस्ता आहे.

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत हेलसिंकी विद्यापीठातल्या पेड्रो आफालो यांची 'फोटोबायॉलॉजी' आणि 'फोटोबायॉलॉजी वेवबँड्स' ही पॅकेजेस फुकट मिळतात, आणि प्रबंध लिहिणाऱ्याला मी हीच सुचवेन. यूव्हीबी मागताना 'आयएसओ' की 'मेडिकल' हे नावाने सांगता येतं, स्मिथचे पट्टे तयार मिळतात, हद्दीवरची मधली किंमत ते स्वतः भरतं, ऊर्जा आणि फोटॉन यांसाठी वेगळी फंक्शन्स आहेत. यंत्र 850 ला संपत असेल आणि तुम्ही अख्खा अवरक्त मागितलात, तर पट्टा कापल्याची खूण नावातच राहते. परीक्षकाने 'हे अवरक्त कुठपर्यंत?' विचारलं की उत्तर तिथेच असतं.

भारित मात्रा (प्रत्येक तरंगलांबीला तिच्या परिणामाइतकं वजन देऊन केलेली बेरीज) हवी असेल तर आरला स्पर्धाच नाही. कातडी लाल होण्याचा सीआयईचा वक्र 298 पर्यंत 1 धरून पुढे दोन टप्प्यांत उतरतो. तो शीटमध्येही बसवता येतो. झाडांसाठी मात्र वक्रच अनेक. काल्डवेल या संशोधकाचा जुना वक्र ग्रीन यांच्या सूत्राने 313.3 ला शून्य होतो, फ्लिंट आणि काल्डवेल यांचा 2003 चा वक्र यूव्हीएमध्ये (यूव्हीबीच्या पुढच्या अतिनील भागात) 390 पर्यंत जातो. शिवाय वक्राची 1 ही किंमत 280 ला धरली की 300 ला, यानेही आकडा बदलतो. हे सगळं हाताने टाइप करण्यात अर्थ नाही.

आर शिकायला पहिला आठवडा जड जातो, हे खरं. पॅकेजेस एकदा उतरवली की पावसात नेट गेलं तरी काम अडत नाही.

आणि वर्णपटच नसेल, फक्त एक आकडा देणारा ब्रॉडबँड सेन्सर असेल, तर तिन्हींपैकी काहीच घेऊ नका. त्याची हद्द फिल्टरने ठरवून टाकलेली असते. डेटाशीटवरचा प्रतिसाद-वक्र बघा आणि तोच निबंधात छापा.