२,११,००० रुपयांचा दिवा: ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्यांनी आधी हे वाचा

आधी आकडे. लोक पहिल्यांदा तेच विचारतात आणि तोंडाने सांगताना माझी जीभ अडखळते. ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या ट्यूबांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, १,४०,००० रुपये. त्यावर ‘मॅच्ड पेअर’, म्हणजे एकमेकींशी जुळवलेल्या, ३००बी या मोठ्या ट्यूबा ३२,०००. ‘जुन्या स्टॉकची’ ६एसएन७ या छोट्या ट्यूबांची जोडी १४,०००. तेलातले चांदीचे कपॅसिटर, बसवणावळीसकट, १६,५००. पॉवर कॉर्ड ८,५००. बेरीज २,११,०००. बिल एकाचंही नाही.

बिल का नाही, हे विचारणाऱ्यांनी आपल्या घरातल्या किती वस्तूंची बिलं आहेत ते आधी बघावं. “पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी लागंल साहेब, २५,२०० रुपये उगाच सरकारला कशाला?” असं समोरचा गोड आवाजात म्हणाला की कोल्हापुरात दहातले नऊजण मान डोलावतात. मीही डोलावली. १०,००० बुकिंगला यूपीआयने, १,००,००० दुसऱ्या दिवशी यूपीआयनेच, कारण दिवसाची मर्यादा तेवढीच. उरलेले ३०,००० रोख. रोखीचा पुरावा काय, असं आता मला सगळे विचारतात.

माणूस इथलाच. दुकान नाही, घरातच ऐकायची खोली. नाव घेत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे आणि वकिलाने तंबी दिलीय.

माझे स्पीकर क्लिप्शचे हेरेसी. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडनं घेतलेले, ते अस्सल आहेत. सेन्सिटिव्हिटी ९९ डीबी. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ९९ डीबी आवाज. साधा ८७ डीबीचा बुकशेल्फ स्पीकर तेवढाच वाजवायचा तर सोळा वॅट लागतात, कारण दर ३ डीबीला पॉवर दुप्पट. म्हणून ज्याच्याकडं असे स्पीकर असतात त्याला कधी ना कधी आठ वॅटच्या सिंगल-एंडेड (एका बाजूला एकच मोठी ट्यूब असलेल्या) ट्यूब अ‍ॅम्पचं वेड लागतं. हे वेड चुकीचं नाही, हे मी आजही म्हणतो.

आणि खरा राग त्याचाच आहे. त्या माणसाने मला जे जे शिकवलं त्यातलं बरंचसं खरं होतं. “साहेब, तुमच्या स्पीकरला शंभर वॅट काय करायचेत? घरात ऐकताना तुम्ही अर्ध्या वॅटच्या पुढं जातच नाही. पहिला वॅट चांगला पाहिजे.” बरोबर. “३००बी ही ट्यूब अमेरिकेत १९३८ साली निघाली. सिनेमाच्या अ‍ॅम्पात असल्याच ट्यूबा असायच्या. तेव्हा वॅट महाग, म्हणून स्पीकर असे हॉर्नवाले.” हेही बरोबर. मग वर फोडणी: “आणि आपलं गाव म्हणजे सिनेमाचं गाव. बाबूराव पेंटर इथले, प्रभात १९२९ ला इथंच सुरू झाली. कोल्हापूरच्या माणसाने ३००बी नाही ऐकायची तर कुणी?” छाती फुगली की राव. खोटं बोलणारा माणूस मी अर्ध्या मिनिटात ओळखतो. खरं बोलत बोलत खिसा कापणारा आजवर भेटला नव्हता.

डेमोला त्याच्या खोलीत जो अ‍ॅम्प वाजला तो खरा होता, यात मला आजही शंका नाही. मल्लिकार्जुन मन्सूर लावले होते. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात जयपूर घराण्याचं गाणं असं समोर बसून ऐकल्यासारखं ऐकलं की माणूस घासाघीस करत नाही. घरी आला तो दुसरा पीस. “तुमच्यासाठी नवीन बांधला, डेमोचा कशाला घेताय?” याला मी सौजन्य समजलो.

आता जिन्यावर येतो. रोज रात्री मी तिथंच येतो.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तो खोका घेऊन आला, मी म्हटलं थांबा, दोघं मिळून उचलू. तो म्हणाला, “तुम्ही राहू द्या.” आणि एका हाताने खोका काखेत मारून, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत वर चढला. धाप नाही, काही नाही. वर टेबलावर सरकवताना मीही उचलून बघितला. सहा-सात किलो असेल. ही आतनं येऊन म्हणाली, “एवढ्या महागाचा आणि एवढासा हलका?” तेव्हा मी हिला काय सांगितलं माहितीय? “टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आहेत, हलकेच असतात.” हे त्याचं वाक्य. जिन्यात त्याने मला सांगितलेलं, मी टेबलापाशी हिला सांगितलं.

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात आहे. डिप्लोमा आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, आणि त्याला वजन असतं, हे मला नव्या पोरांना शिकवायला लागतं. ३००बीच्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्पात दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, एक पॉवरचा, बहुतेक वेळा वर चोक, म्हणजे लोखंडावरचं आणखी एक वेटोळं. आउटपुटच्या वाइंडिंगमधून डीसी सतत वाहतो, म्हणून गाभ्यात फट ठेवावी लागते आणि गाभा मोठा घ्यावा लागतो. साधा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, तिथं लगेच सॅच्युरेट होतो, गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो. असा अ‍ॅम्प सहसा पंधरा-वीस किलोच्या खाली येत नाही. हे सगळं मला त्या क्षणी येत होतं. पण १,१०,००० आधीच गेलेले, ३०,००० चं पाकीट खिशात तयार, दारात चहा आलेला. अशा वेळी कोण वजनकाटा आणतो? ज्याला आणता येतो त्याने आणावा. अ‍ॅम्पचं वजन आधी लेखी मागा, आणि पैसे द्यायच्या आधी काट्यावर ठेवा.

बाकीच्या खुणाही होत्या. बटण दाबलं की गाणं लगेच सुरू. खऱ्या ट्यूबा तापायला वेळ घेतात. मागं चार ओहम, आठ ओहम असे वेगळे टर्मिनल नाहीत, एकच जोडी. आणि शांतता. ९९ डीबीच्या हॉर्नला कान लावला की अ‍ॅम्पची सगळी अंडीपिल्ली ऐकू येतात. ३००बीची थोडी तरी गुणगुण बहुतेक ठिकाणी असतेच. माझ्याकडं गुणगुण शून्य, नुसती बारीक सळसळ. “याला म्हणतात वायरिंग,” तो म्हणाला, आणि मी मित्रांना घरी बोलावून त्यांचे कान स्पीकरला लावले.

त्या मित्रांसमोरच पुढची अपग्रेडं झाली, ते जास्त झोंबतं. तो यायचा, ट्यूब बदलायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “आलं का खालचं? षड्ज रुंद झाला बघा.” झाला, झाला, म्हणून आम्ही सगळेच. कपॅसिटर बदलायला अ‍ॅम्प घरी घेऊन गेला, परत आणला तेव्हा माझ्या मते तानपुरा उघडला होता. ८,५०० च्या कॉर्डने काय उघडलं ते आता आठवत नाही. चौघांच्या देखत १६,५०० मोजल्यावर फरक ऐकू येत नाही असं म्हणणारा माणूस मला दाखवा.

एका रात्री डावीकडची ३००बी विझली. तार तुटली असणार, लाल उजेड गेला, काच काळी. सिंगल-एंडेड अ‍ॅम्पात एका चॅनेलला एक ट्यूब. ती गेली की ती बाजू बंद पडली पाहिजे.

गाणं चालू राहिलं. दोन्ही बाजूंनी. जसंच्या तसं.

मी उजवीकडच्या काचेला बोट लावलं. वाजत असलेल्या ३००बीला हात लावला तर चटका बसतो, तिच्यात तीस-चाळीस वॅट उष्णता जळत असते. ही कोमट होती. बोट ठेवून उभा राहिलो तरी काही होईना.

उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्याकडं खालचा पत्रा उघडला. एक चोवीस व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे हलका वीजपुरवठा, शेजारी तळहाताएवढा क्लास-डीचा, म्हणजे ट्यूबेविना चालणाऱ्या चिप-अ‍ॅम्पचा बोर्ड, त्यावर टीपीए ३११६ ही चिप. हजाराच्या आत बाजारात मिळतो. एक छोटा ट्रान्सफॉर्मर, फक्त ट्यूबांचं फिलॅमेंट, म्हणजे आतली तार, पेटवायला. वरचे तीन काळे मोठे डबे, ट्रान्सफॉर्मर म्हणून मिरवणारे, पोकळ. १६,५०० चे कपॅसिटर मात्र होते, जाडजूड, झळझळीत, गरम गोंदाने चिकटवलेले. एकाची तार सोल्डर करून टॅगवर आणली होती आणि त्या टॅगपासून पुढं काहीच नव्हतं. वाइंडिंगवाला हसला नाही याबद्दल त्याचे उपकार. ट्यूबांबद्दल त्याचा अंदाज असा की एमिशन, म्हणजे काम करायची ताकद, संपलेल्या, कुणीतरी काढून टाकलेल्या. पेटल्या की झालं.

कुणी म्हणेल, इतके दिवस आवाज चांगला वाटला ना? वाटला. कारण ९९ डीबीच्या स्पीकरला वॅटभरात भागतं आणि तेवढं ती चिप बरी देते. ८५ डीबीचा स्पीकर असता तर जरा आवाज वाढवताच खऱ्या अ‍ॅम्पचे आठ वॅट संपले असते, हा मात्र वाजतच राहिला असता आणि पितळ उघडं पडलं असतं. हाय-सेन्सिटिव्हिटीवाल्यांनी हे डोक्यात ठेवा: आपले स्पीकर अ‍ॅम्पचा आवाज-कचरा दाखवतात, पण अ‍ॅम्पची ताकद झाकतात. अशा धंद्याला आपणच सोयीचं गिऱ्हाईक.

त्याला फोन केला. “तो हायब्रिड आहे साहेब, ट्यूब आणि चिप मिळून, मी सिंगल-एंडेड कधी म्हटलं?” खरंच, लेखी कुठंच नव्हतं. बोलणं कायम कॉलवर, मेसेजात नुसते अंगठे आणि “३००बीचा गोडवा वेगळाच”. फोनवर ठरलेलं प्रत्येक वाक्य त्याच दिवशी मेसेजात लिहून त्याच्याकडनं ‘हो’ घ्या.

पोलीस ठाण्यातला संवाद जसाच्या तसा देतो.

“आवाज येतोय का?”
“येतो.”
“मग फसवणूक कुठली?”

मी ट्यूब, चिप, वॅट समजावायला लागलो तर हवालदार म्हणाले, “काका, डीजे आहे का?” मग साहेबांनी दिवाणी स्वरूपाचा वाद आहे म्हणून सांगितलं. मग विकणाऱ्याचं घर आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा. तिकडं गेलो तर, पैसे तुम्ही तुमच्या घरी बसून दिले, इकडं का आलात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्ह्याची खबर हद्द न बघता घेतली पाहिजे. मी प्रिंट काढून नेली. ती त्यांनी वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. एफआयआर नाहीच, ‘तक्रार अर्ज’ घेतला. तोही पोच मागितल्यावर शिक्का शोधायला अर्धा तास. चौकशीला आले ते माझ्याच घरी, आणि गाणं लावून दाखवा म्हणाले. लावलं. “चांगला हाय की ओ आवाज!” म्हणून गेले.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. ती सोय ऑनलाइन लुबाडणुकीसाठी, आणि तिथं तासाभरात फोन केला तर पैसे गोठवायची शक्यता. माझे पैसे मी ओळखीच्या माणसाला, राजीखुशीने, महिने उलटून गेलेले. बँक म्हणाली, ट्रान्सफर यशस्वी आहे. यशस्वी आहे हे मलाही माहीत होतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, एवढी दोनच वाक्यं मला तिथली आवडली. ई-जागृती पोर्टलवर कागद चढवताना पीडीएफ कधी मोठी, कधी तिरकी. चॅटचे स्क्रीनशॉट नुसते चालत नाहीत, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइल बदलू नका, चॅट उडवू नका. समोरच्याचं म्हणणं, मी व्यापारी नाही, छंद म्हणून एक वस्तू विकली. मग कपॅसिटर, कॉर्ड, ट्यूबा हे काय वाढदिवसाचे आहेर? आणि वस्तू सदोष आहे हे ठरवायला प्रयोगशाळेचा अहवाल लागणार. ट्यूब नुसती शोभेची आहे, असा दाखला कोणती मान्यताप्राप्त प्रयोगशाळा देते ते मला कुणी सांगत नाही. पत्रा उघडला तेव्हा पंच नव्हते, म्हणून ‘छेडछाड तुम्हीच केली’ हाही मुद्दा आलाय. उघडायचा असेल तर व्हिडिओ चालू ठेवून, दोन माणसं उभी करून उघडा. आणि स्वतः उघडू नका. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पात तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात.

घ्यायचाच असेल तर डेमोला ऐकलेला तोच पीस घ्या, सीरियल नंबरचा फोटो काढून. डेमो तुमच्या घरी, तुमच्या स्पीकरवर. ‘जुन्या स्टॉकची’ ट्यूब टेस्टरवर मोजून दाखवत नसेल तर नवीन घ्या, काचेवरचा छापील शिक्का बोटाने पुसता येतो आणि पुन्हा मारताही येतो. अपग्रेडचा किडा वळवळला तर जाड गालिचा आणि पडदे घ्या. हेरेसी सध्या माझ्या जुन्या वीस वॅटच्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पवर वाजतायत, आवाजाची खुंटी घड्याळातल्या नऊच्या पुढं जात नाही आणि मन्सूर उत्तम गातात. तो डबा पुरावा म्हणून कपाटावर आहे, विकताही येत नाही.

पुढच्या तारखेला समोरचा म्हणणं दाखल करणार आहे. मागच्याही तारखेला करणार होता. दरम्यान त्याच्या स्टेटसला परवा ‘नवीन बिल्ड’ लागला, तसेच तीन काळे डबे, किंमत १,६५,०००. इचलकरंजीच्या एकाने बुकिंगचे १०,००० भरलेत असं कळलं. त्याचा नंबर मिळवून फोन केला तर म्हणाला, “तुम्हाला ऐकायला येत नसंल काका, मी डेमो ऐकलाय.”